जुन्या हेलिकॉप्टरांचे सारथी

ज्याने आपल्या उमेदीची वर्षे एखाद्या वाहनाच्या संगतीत घालविली, त्याच्या बोलण्यात त्या वाहनाला एक निराळेच स्थान असते. गाडीवान आपल्या बैलांची नावे विसरत नाही. कोणत्या वाऱ्यात आपले जुने गलबत कोणत्या कुशीवर कलत असे, हे तांडेल म्हातारपणीही बिनचूक सांगतो. सैन्यदलांतून निवृत्त झालेले हेलिकॉप्टरचे वैमानिक एकत्र जमले म्हणजे त्यांच्या गोष्टीही अशाच रंगतात. अमुक यंत्र थंडीत लवकर सुरू होत नसे, तमुक यंत्राचा थरथराट पायांच्या तळव्यांना आधी कळे, अमक्या सोबत्याचा हात इतका हलका होता की यंत्र जमिनीला टेकले हे आतल्या माणसांना उमगतच नसे. आणि मग आवाज जरा खाली येऊन, तमका सोबती एका पावसाळी सकाळी गेला तो परत आलाच नाही, असा हा संवाद चालतो.

ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला ह्या केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणी वाटतात. आम्हांस मात्र त्यांत एक फार मोलाची विद्या साठविलेली दिसते. हेलिकॉप्टर चालविण्याच्या कलेतील पुष्कळसा भाग पुस्तकांत येण्यापूर्वी माणसांच्या हातांत आला, आणि एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. जुन्या यंत्रांच्या आणि जुन्या सोबत्यांच्या ह्या गोष्टी म्हणजे त्या विद्येची पोथीच होय. ती वाचता यावी म्हणून प्रथम ह्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या गोव्यात हेलिकॉप्टर ही काही नवलाची वस्तू राहिलेली नाही. भारतीय नौदलाचा ‘हंसा’ हा हवाई तळ 1964 मध्ये दक्षिणेतील सुलूरहून दाभोळीस आला. तेव्हापासून मुरगावच्या पठारावर त्याचा आवाज नेहमीचाच झाला आहे. मुले मान वर करून पाहतात आणि पुन्हा खेळू लागतात. परंतु ते यंत्र एका जागी अधांतरी कसे थांबते, हे त्यांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल.

विमानाचे पंख स्थिर असतात. ते वेगाने पुढे धावते, पंखांवरून हवा वाहते, आणि त्या हवेच्या दाबामुळे ते उचलले जाते. थांबले की संपले. हेलिकॉप्टरमध्ये यंत्र जागच्या जागी राहते आणि पंखच फिरतात. त्याच्या माथ्यावरचे प्रत्येक पाते हा एक लांबट, अरुंद पंख आहे. तो गरगर फिरत असल्यामुळे त्याच्यावरून हवा सतत वाहत राहते, आणि म्हणून यंत्र उभ्या उभ्या वर चढू शकते, मागे सरू शकते, आडवे जाऊ शकते व एका ठिकाणी तरंगूही शकते.

ह्यासाठी वैमानिकाच्या दोन्ही हातांना व दोन्ही पायांना एकाच वेळी काम असते. डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला की सर्व पात्यांचा तिरकसपणा एकदम वाढतो व यंत्र वर चढते. खाली दाबला की ते उतरते. उजव्या हातातील उभा दांडा ज्या दिशेला झुकवावा त्या दिशेला फिरत्या पात्यांची चकती कलते, आणि यंत्र तिकडे सरकते. पायांचे काम निराळेच आहे. इंजिन माथ्यावरचा पंखा एका दिशेला फिरविते, तेव्हा यंत्राचे धड उलट दिशेला फिरू पाहते. ही उलटी ओढ आवरण्यासाठी शेपटीच्या टोकाला एक लहान पंखा उभा बसविलेला असतो, आणि त्याचा जोर पायांखालच्या पट्ट्यांनी कमीजास्त करता येतो. रशियन बनावटीच्या कामोव्ह जातीच्या यंत्रांत शेपटीचा पंखा नसतो. तेथे माथ्यावर एकावर एक असे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात व एकमेकांची ओढ खोडून काढतात. बोगमाळ्याला 1998 मध्ये उघडलेल्या नौदलाच्या विमान-संग्रहालयात ‘चेतक’ आणि कामोव्ह ही दोन्ही यंत्रे ठेविली आहेत. हा फरक तेथे डोळ्यांनी पाहून घेता येतो.

ह्यातील खरी मेख अशी की ह्या तिन्ही साधनांपैकी एक हलविले की उरलेली दोन्ही हलवावी लागतात. डावा हात वर गेला की इंजिनावरचा भार वाढतो, धडाची उलटी ओढ वाढते, म्हणून पाय पुढे करावा लागतो. पाय पुढे केला की यंत्र किंचित बाजूला सरते, म्हणून उजवा हात सावरावा लागतो. नवशिक्याला हे आरंभी अशक्यच वाटते. मग एके दिवशी, सायकल शिकणाऱ्या मुलाचा तोल जसा न सांगता सावरतो, तसे त्याचे हातपाय न सांगता चालू लागतात. वैमानिक जुन्या यंत्राविषयी बोलू लागला म्हणजे तो वस्तुतः ह्या हातापायांच्या स्मृतीविषयी बोलत असतो.

ह्या स्मृतीचा इतिहास फार जुना नाही. कीव्ह येथे 1889 मध्ये जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले इगोर सिकोर्स्की ह्यांनी आपले पहिले यशस्वी हेलिकॉप्टर 14 सप्टेंबर 1939 रोजी जमिनीवरून उचलले. त्या दिवशी ते दोरखंडांनी खाली बांधून ठेवले होते, इतका त्या यंत्राचा भरवसा कमी होता. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच त्याच घराण्यातील यंत्रे महायुद्धात उतरली. 1944 च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीस एक छोटे विमान कोसळले. त्यात वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. त्यांच्या सुटकेसाठी कार्टर हार्मन हा तरुण अमेरिकन अधिकारी आपले हेलिकॉप्टर घेऊन आसामातील लालाघाटहून निघाला. त्या यंत्राच्या इंजिनाची ताकद सुमारे दोनशे अश्वशक्ती. उष्ण व दमट हवेत ते वैमानिकाखेरीज एकाच माणसाला कसेबसे उचलू शके. हार्मनने पहिल्या दिवशी एकेक करून दोघांना बाहेर काढले. मग तापलेल्या इंजिनाने अंग टाकले. रात्र तशीच काढून दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्या दोघांनाही आणले. रणांगणातून हेलिकॉप्टरने माणसे सोडविल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. चार माणसांसाठी चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला इंजिन तग धरील की नाही ही शंका!

त्या आरंभीच्या यंत्राची एक आठवण अद्याप टिकून आहे. त्यात दोन बैठकांच्या मध्ये डाव्या हाताचा दांडा एकच होता. त्यामुळे पहिली वैमानिक-मंडळी उजव्या बैठकीवर बसून शिकली, आणि पुष्कळशा हेलिकॉप्टरांत मुख्य वैमानिक अजूनही उजवीकडे बसतो तो ह्या सवयीमुळेच, असे जाणते लोक सांगतात. यंत्र गेले, परंतु त्याने लावलेले वळण मागे राहिले.

भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर आले ते 1954 मध्ये. तेही सिकोर्स्कींच्याच कारखान्याचे, ‘एस-55’ ह्या जातीचे होते. पुढे 1960 नंतर रशियन ‘एम-आय 4’ ही मोठी यंत्रे आली. ह्या दोन्ही यंत्रांचे इंजिन नाकात आणि वैमानिकांची बैठक त्याच्या वर, उंच मचाणासारखी! नाकातील इंजिनापासून एक तिरका दंड वैमानिकांच्या जवळून माथ्यावरच्या पंख्यापर्यंत गेलेला असे. ‘एम-आय 4’च्या इंजिनात चौदा नळकांडी असून त्याची शक्ती सुमारे 1,700 अश्वशक्ती होती, आणि त्याचा पंखा एकवीस मीटर व्यासाचा होता. त्या इंजिनाची धडधड, त्याची ऊब, जळक्या तेलाचा वास हे सारे वैमानिकाच्या अंगाशीच असे. म्हणूनच त्या पिढीतील वैमानिक यंत्राच्या प्रकृतीविषयी आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीविषयी बोलावे तसे बोलतात.

ह्या जिव्हाळ्याला तांत्रिक कारणही आहे. दट्ट्यांच्या इंजिनाच्या त्या काळात पंख्याची गती कायम राखणे ही वैमानिकाची जबाबदारी असे. डाव्या हाताच्या दांड्यालाच पिळण्याची एक मूठ असे. दांडा वर घेताना ती मूठ नेमकी तितकीच पिळून इंजिनाला अधिक इंधन द्यावे लागे. कमी पिळली तर पंखा मंदावे, अधिक पिळली तर तो प्रमाणाबाहेर धावे. गतीच्या तबकडीवर डोळे खिळवून ठेवणे शक्य नसल्यामुळे वैमानिक कानाने गती ओळखत. आवाजाची पट्टी जरा उतरली की हात आपोआप पिळे. तंबोऱ्याची तार उतरल्याचे जसे गवयाला सांगावे लागत नाही, तसेच हे होते.

ह्याच यंत्रांनी 1971 च्या डिसेंबरमध्ये एक मोठी कामगिरी बजाविली. पूर्व बंगालमध्ये भारतीय सेना ढाक्याच्या रोखाने चालली असता मेघना नदी आडवी आली. तिच्यावरील आशुगंजचा पूल माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेने उडवून दिला होता. लेफ्टनंट जनरल सगतसिंग ह्यांनी पुलाची वाट न पाहता हेलिकॉप्टरांनी सेना पलीकडे न्यावयाचे ठरविले, आणि 9 डिसेंबरपासून ग्रुप कॅप्टन चंदनसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘एम-आय 4’ यंत्रांनी ब्राह्मणबाडियाकडून रायपुऱ्याकडे जवानांच्या खेपा सुरू केल्या. रात्रीच्या अंधारातही त्या थांबल्या नाहीत. त्या यंत्रांत रात्री पाहण्याची आजच्यासारखी साधने नव्हती. जे काही होते ते वैमानिकाचे डोळे, त्याचे कान, आणि शेजारी बसलेल्या सोबत्यावरचा विश्वास. त्या नदीवर त्या वेळी पूल उभा राहिला तो ह्या खेपांचाच.

दट्ट्यांच्या इंजिनाची जागा हळूहळू वायुचक्राच्या इंजिनाने घेतली. हे इंजिन त्याच शक्तीच्या जुन्या इंजिनाहून पुष्कळच हलके असते. शिवाय पंख्याची गती राखण्याचे काम त्यातील नियामक स्वतःच करतो. फ्रान्समध्ये 28 फेब्रुवारी 1959 रोजी ज्याँ बूले ह्या वैमानिकाने ज्या यंत्राचे पहिले उड्डाण केले, ते असेच होते. ते यंत्र पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कारखान्यात तयार होऊ लागले, आणि त्याला आपल्याकडे ‘चेतक’ हे नाव मिळाले. हळदीघाटीच्या लढाईतून जखमी धन्याला पाठीवर घेऊन बाहेर पडलेल्या राणा प्रतापाच्या घोड्याचे हे नाव ज्या कोणी सुचविले असेल, त्याला ह्या यंत्राचे काम नीट उमगले होते यात शंका नाही.

नौदलात तर ‘चेतक’चे काम अगदी असेच होते. ‘विक्रांत’ ह्या विमानवाहू युद्धनौकेवरून विमाने सुटत वा उतरत असत तेव्हा नौकेच्या कडेला एक ‘चेतक’ अधांतरी थांबलेले असे. एखादे विमान चुकून समुद्रात पडले, तर त्यातील वैमानिकाला पाण्यातून वर उचलून घ्यावयाचे एवढ्यासाठी. शंभर वेळा काही होत नसे, आणि एकशे एकाव्या वेळी काही क्षणांत सारे करावे लागे. ज्या वैमानिकांनी असे तासन् तास डोळ्यांत तेल घालून काढले, त्यांच्या आठवणींत पराक्रमापेक्षा वाट पाहण्याचीच वर्णने अधिक असणार, हे ओघानेच आले.

आता ज्या विद्येचा आम्ही आरंभी उल्लेख केला, तिच्या गाभ्याकडे वळू. ‘चेतक’ आणि त्याचे धाकटे भावंड ‘चीता’ ह्या दोन्ही यंत्रांना इंजिन एकच. ते हवेत बंद पडले तर? पुष्कळांची समजूत अशी की हेलिकॉप्टर अशा वेळी दगडासारखे खाली येते. तसे होत नाही. सह्याद्रीच्या रानात माधवीलतेची फळे ज्यांनी गळताना पाहिली असतील, त्यांना ह्याचे उत्तर ठाऊक आहे. त्या फळाला तीन पाती असतात. ते झाडावरून सुटले की भिंगरीसारखे गरगरत अगदी सावकाश खाली येते. त्याला फिरविणारे इंजिन कोठे असते? खालून वर येणारी हवाच त्याला फिरविते. हेलिकॉप्टरचा वैमानिकही इंजिन बंद पडताच डावा दांडा तत्काळ खाली दाबतो. पात्यांचा तिरकसपणा कमी होतो, खाली येण्याच्या वेगामुळे हवा खालून वर वाहू लागते, आणि तीच पंखा फिरवीत ठेविते. जमीन अगदी जवळ आली की वैमानिक दांडा पुन्हा वर ओढतो. फिरत्या पात्यांत साठलेली सारी शक्ती त्या एका ओढीत खर्च होते, आणि यंत्र हलकेच टेकते. दांडा दाबण्यास एकदोन क्षणांचा उशीर झाला, तर पंखा मंदावतो आणि मग काहीच हाती उरत नाही. वर ओढण्याची संधीही एकदाच मिळते.

ह्या विद्येचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक 21 जून 1972 रोजी फ्रान्समध्ये घडले. ज्याँ बूले ह्यांनीच ‘लामा’ जातीच्या यंत्रातून 12,442 मीटरांची उंची गाठली. तो त्या वेळचा जागतिक उच्चांक ठरला. इतक्या उंचीवरच्या गारठ्यात त्यांनी इंजिनाचा जोर कमी करताच ते विझले, आणि पुन्हा पेटेना. तेव्हा ते केवळ फिरत्या पात्यांच्या आधारावर, माधवीच्या फळासारखे, तेथून थेट जमिनीपर्यंत सुखरूप आले. ह्या ‘लामा’चा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. हिमालयातील उंचीवर काम देईल असे हलके यंत्र भारताला हवे होते, त्या मागणीतूनच ते घडविले गेले, आणि बंगलोरला तयार झाल्यावर तेच ‘चीता’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

हिमालयातील उड्डाण ही ह्या पोथीतील सर्वांत कठीण ओवी होय. सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यावरच्या घनतेच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते. पात्यांना धरावयास हवा कमी, आणि इंजिनाला श्वास घ्यावयासही हवा कमी! दाभोळीला चार-पाच माणसे सहज उचलणारे यंत्र तेथे एका माणसाच्या ओझ्याने अडून बसते. म्हणून वैमानिक उड्डाणापूर्वी वाण्याच्या काटेकोरपणाने हिशेब करतात: इंधन किती किलो, सामान किती किलो, परतीपुरते इंधन उरेल की नाही. नको असलेली प्रत्येक वस्तू यंत्रातून काढून ठेवितात. 13 एप्रिल 1984 रोजी सियाचेनच्या बाजूस बिलाफोंड खिंडीवर भारतीय जवान प्रथम उतरले, ते ह्याच ‘चीता’ यंत्रांतून, एका खेपेला दोघे दोघे असे. त्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व कॅप्टन संजय कुलकर्णी ह्या महाराष्ट्रीय आडनावाच्या अधिकाऱ्याकडे होते. तेव्हापासून त्या बर्फातील ठाण्यांची अन्नाची, रॉकेलची आणि आजाऱ्याला खाली आणण्याची भिस्त ह्या लहानशा यंत्रांवर राहिली. बर्फातील एखाद्या ओट्याएवढ्या जागेवर वाऱ्याचा रोख पाहून यंत्र टेकविणे, पंखा न थांबविता ओझे उतरविणे आणि क्षणार्धात दरीच्या तोंडाकडे झुकून वेग घेणे, हे तेथील रोजचे काम.

अशा ठिकाणी कोणत्या सुळक्यामागे दुपारनंतर वारा उलटतो, कोणत्या खिंडीत सकाळी दहापूर्वी जाऊन यावे, ह्या गोष्टी नकाशावर नसतात. त्या आधीच्या वैमानिकाने नंतरच्याला सांगावयाच्या असतात. नव्या वैमानिकाला जुन्याच्या शेजारी बसवून पुष्कळ खेपा करविल्यावाचून एकट्याच्या जबाबदारीवर सोडीत नाहीत, ते ह्याच कारणाने. हेलिकॉप्टरचा वैमानिक आपल्या सोबत्यांविषयी इतक्या आत्मीयतेने का बोलतो, ह्याचेही हेच उत्तर आहे. सोबती म्हणजे त्याचा गुरू, त्याचा साक्षीदार, आणि एखाद्या वाईट दिवशी त्याला शोधावयास येणारा माणूसही तोच. ह्या सोबत्यांत आम्ही जमिनीवरच्या तंत्रज्ञांनाही धरतो. पहाटे गोठलेल्या बोटांनी एकेक खिळा तपासणारा तो माणूस उड्डाणाला जात नाही. पण त्याने ‘ठीक’ म्हटल्यावाचून कोणी उडतही नाही.

आणि जे परत आले नाहीत त्यांचे काय? ह्या प्रश्नाशी आले म्हणजे आठवणींना गांभीर्य येते. ज्या यंत्राला कोठेही उतरता येते, त्याला माणसे अशाच ठिकाणी बोलावितात की जेथे दुसरे काहीच पोहोचू शकत नाही. म्हणजे पूर, वादळ, दरड आणि बर्फ जेथे असेल तेथे. 2013 च्या जूनमध्ये उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी हजारो यात्रेकरूंना सोडविले. त्याच कामात 25 जून रोजी गौरीकुंडाजवळ एक यंत्र कोसळून त्यातील वीसही जण मृत्यू पावले. त्यांत वैमानिक होते, तंत्रज्ञ होते, आणि मदतीस गेलेले जवान होते.

अशा अपघाताची सरकारी चौकशी होते, अहवाल लिहिला जातो. परंतु वैमानिकांच्या मेळ्यात तो अपघात निराळ्या रीतीने जिवंत राहतो. उदाहरण म्हणून एक धोका सांगतो. हेलिकॉप्टर जवळजवळ उभ्या रेषेत, इंजिनाच्या जोरावर पण वेगाने खाली उतरू लागले, तर ते आपणच खाली ढकललेल्या हवेत बुडू लागते. पात्यांच्या कडांभोवती भोवरे तयार होतात आणि यंत्र एकाएकी अधिकच वेगाने खाली जाऊ लागते. अशा वेळी कोणाही माणसाला वाटते की डावा दांडा वर ओढावा, अधिक जोर लावावा. नेमके तेच घातक ठरते. त्याने भोवरा अधिकच बळावतो. खरा उपाय असा की उजवा दांडा पुढे झुकवून त्या ढवळलेल्या हवेतून निसटावे, स्वच्छ हवेत यावे, आणि मगच जोर लावावा. आज हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेले आहे. परंतु हे वाक्य छापले जाण्यापूर्वी जगात कित्येक वैमानिकांनी मनाच्या स्वाभाविक ओढीवर विश्वास ठेवून दांडा वर ओढला होता. पाठ्यपुस्तकातील एकेका नियमाखाली असे कोणाचे तरी नाव, न छापलेले, उभे असते. म्हातारा वैमानिक आपल्या गेलेल्या सोबत्याचे नाव काढतो, तेव्हा तो त्या नियमाखालची सहीच वाचून दाखवीत असतो.

यंत्रे मात्र बदलतात, आणि बदललीच पाहिजेत. 1992 मध्ये प्रथम उडालेले ‘ध्रुव’ हे आपल्या देशात घडविलेले हेलिकॉप्टर दोन इंजिनांचे आहे. एक विझले तर दुसरे हाताशी असते. ‘चेतक’ व ‘चीता’ ह्यांना टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याचे ठरले आहे. त्यांच्या जुनेपणामुळे जे धोके वाढले, ते पाहता ह्या निवृत्तीबद्दल हळहळ वाटत असली तरी तक्रार करता येणार नाही. जुन्या वैमानिकांनाही हे कळते. आपले यंत्र आपल्या नातवाने चालवावे असे त्यांतील कोणीही म्हणणार नाही. त्यांना हवे असते ते इतकेच, की त्या यंत्राने जे शिकविले ते यंत्राबरोबर भंगारात जाऊ नये.

आम्हांस खरी काळजी वाटते ती इथेच. संग्रहालयातील ‘चेतक’ जपता येते. त्याला रंग देता येतो, त्याच्यापुढे माहितीचा फलक लावता येतो. परंतु त्याचा दांडा हाती घेतला असता तो कसा थरथरत असे, हे फलकावर लिहिता येत नाही. ते ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ते हात थकत चालले आहेत. ‘एम-आय 4’ चालविलेल्या पिढीतील पुष्कळ माणसे आज आपल्यांत नाहीत. वैमानिकाच्या उड्डाणवहीत तारीख, यंत्राचा क्रमांक, उड्डाणाचा वेळ एवढेच असते. त्या एका ओळीमागची रात्र, तो वारा, शेजारच्या सोबत्याचा तो एक शब्द, हे सारे सांगणाऱ्याबरोबर जाते.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत तो तुम्ही सर्वांनी वैमानिक व्हावे म्हणून नव्हे. कोणी झालात तर आम्हांस आनंदच आहे. आपल्या भागात घरोघरी अशी माणसे आहेत की ज्यांचे आयुष्य कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या संगतीत गेले. कोणाचे काका बोटीच्या इंजिनखान्यात होते, कोणाचे आजोबा नौदलाच्या कर्मशाळेत होते, कोणी रेल्वेवर होते, कोणी खाणीवरच्या मालमोटारी चालविल्या. संध्याकाळी ओसरीवर बसून ते जुन्या यंत्रांच्या व जुन्या सोबत्यांच्या गोष्टी सांगू लागतात, आणि आपण अभ्यासाचे निमित्त सांगून आत निघून जातो. पुढच्या वेळी थोडे थांबा. त्यांना विचारा, की ते यंत्र बिघडणार हे तुम्हांस आधी कशावरून कळे? तुम्हांस ते कोणी शिकविले? आणि ज्याने शिकविले तो पुढे कोठे गेला? जी उत्तरे मिळतील ती वहीत उतरवून घ्या. तारीख घाला, गावाचे नाव घाला, यंत्राचे नाव घाला. ह्यासाठी एक वही, एक लेखणी आणि थोडी सवड एवढे पुरे आहे.

हार्मनच्या पहिल्या चार खेपांपासून सियाचेनच्या आजच्या खेपेपर्यंत ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात आली, ती कोणीतरी सांगितली आणि कोणीतरी लक्ष देऊन ऐकली म्हणून. सांगणारे अद्याप आहेत. ऐकणारे होणे हे आता तुमच्याकडे आहे.